‘पेक्षा’, ‘पैकी’ आणि ‘मध्ये’

पुस्तकाचे मोल सांगताना आपण कोणाच्या वजनमापांनी तोलतो, हा प्रश्न आयुष्यभर मराठी शिकवूनही मला कधी नीट पडला नव्हता. तो पडला निवृत्तीनंतर, बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम या गावी. मेहकर तालुक्यातील हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे सर्वपरिचित आहे. विवेकानंद जयंतीला तेथे बसणाऱ्या हजारो माणसांच्या पंगती ज्याने एकदा पाहिल्या तो हे नाव विसरत नाही. साहित्याच्या जगात मात्र ते गाजले २०१७ साली. ९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी दिल्ली, बडोदे आणि हिवरा आश्रम अशी निमंत्रणे होती. महामंडळाने हिवरा आश्रमाची निवड केली, त्यावर वाद उठला, आश्रमाने निमंत्रण मागे घेतले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत संमेलन बडोद्याला भरले. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. मला आठवते ते एवढेच की, त्या दिवसांत माझ्या ओळखीतील जो तो या गावांची तुलना करीत होता आणि त्यांच्यापैकी एकानेही हिवरा आश्रम पाहिलेला नव्हता.

पुढे काही वर्षांनी त्याच परिसरातील शाळांतल्या मुलांसाठी काही हौशी मंडळींनी पुस्तक-परीक्षणाची एक स्पर्धा घेतली आणि परीक्षक म्हणून मला बोलावले. तीसेक वह्या होत्या. सोबत एक छापील गुणपत्रक होते, तेही इंग्रजीत. कथानक, भाषा, हस्ताक्षर यांच्या जोडीला त्यात एक रकाना होता : ‘कम्पॅरिझन विथ अदर बुक्स’, गुण दहा. मुलांना हा रकाना आधीच सांगून ठेवलेला असावा. कारण बहुतेक वह्यांत तीच तीच वाक्ये होती. ‘हे पुस्तक मी वाचलेल्या सर्वोत्तम पुस्तकांपैकी एक आहे.’ ‘हे पुस्तक इतर पुस्तकांपेक्षा अधिक चांगले आहे.’ ‘लेखक जागतिक दर्जाचा आहे.’ एकाने तर देवनागरीत सरळ ‘वन ऑफ द बेस्ट’ लिहून टाकले होते. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. इतरांनी त्याच शब्दांना धोतर नेसवले होते इतकेच.

एका मुलीची वही निराळी होती. इयत्ता नववी. तिने लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचले होते. तुलना अशी कुठेच नव्हती. पुस्तक वाचून झाल्यावर तिने आजीला विचारले होते की, तुला अक्षरे कोणी शिकवली. आणि आजीने सांगितले की, कोणीच नाही, अजून येत नाहीत. पुढची दोन पाने त्या आजीबद्दल होती आणि मग पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येऊन तिने लिहिले होते की, ही बाई स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगताना लाजत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. ‘स्मृतिचित्रे’विषयी याहून अचूक वाक्य मी मोठ्या टीकाकारांच्या लेखनातही फारसे वाचलेले नाही. आणि तरीही, गुणपत्रकाच्या त्या रकान्यात मी तिला दहापैकी दोन गुण दिले. नियम तो नियम, असे मनाशी म्हटले. बेरजेत ती चौथी आली. बक्षिसे तीन होती.

परतीच्या प्रवासात ते दोन गुण मला टोचू लागले. तेव्हापासून या विषयाचा जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवतो.

मराठीत तुलना कशी होते ते प्रथम पाहू. इंग्रजी विशेषण स्वतःचे रूप बदलते : गुड, बेटर, बेस्ट. मराठी विशेषण जागचे हलत नाही. ‘हा आंबा गोड आहे’, ‘तो याहून गोड आहे’, ‘हा सर्वांत गोड आहे’. गोड तो गोडच राहतो, बदलतो तो शेजार. संस्कृतातून ‘तर’ आणि ‘तम’ आपल्याकडे आले, पण ते ग्रंथांत राहिले. बाजारात कोणी ‘गोडतर’ आंबा मागत नाही. या साध्या व्याकरणातून एक मोठी गोष्ट निघते. इंग्रजीत ‘बेटर’ हा शब्द एकटा उभा राहू शकतो; कशाहून बेटर, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणूनच जाहिरातवाल्यांना तो इतका प्रिय आहे. मराठीत ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ म्हणायचे तर त्याच्या आधी कोणाचे तरी नाव घ्यावेच लागते. कशापेक्षा, ते सांगा. भाषाच साक्षीदाराला हजर करावयास लावते. आणि हा ‘पेक्षा’ आला आहे ‘अपेक्षा’ या शब्दातून. एका वस्तूच्या अपेक्षेने दुसरीकडे पाहणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. कोणाला वर चढवणे वा खाली उतरवणे त्यात नाही.

‘सर्वांत’ हा शब्द तर आणखी कडक आहे. ‘सर्वांत चांगली कादंबरी’ असे म्हणणाऱ्याला कोणीही विचारू शकतो : सर्व वाचल्या का? या प्रश्नातून सुटण्यासाठी इंग्रजीने एक पळवाट काढली, ती म्हणजे ‘वन ऑफ द बेस्ट’. यात स्तुतीही पुरी होते आणि जबाबदारीही टळते. आपल्या परीक्षणकारांनी ती जशीच्या तशी उचलली आणि ‘सर्वोत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक’ हा मराठी टीकेचा ठराविक शिक्का होऊन बसला. सर्वोत्कृष्ट म्हणजे सर्वांहून उत्कृष्ट. ती अनेक कशा असतील आणि त्यांच्यापैकी ही एक कशी असेल, हा विचार कोणी करीत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर लिहिणारे गृहस्थ तर कधी कधी ‘एक सर्वोत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक’ असे दोनदा मोजतात. अर्थात सारा दोष इंग्रजीवर ढकलणे बरोबर नाही. ‘उत्तम’ हा शब्द मुळातच ‘तम’ लागून झालेला आहे. तरी काव्याचे वर्ग पाडताना जगन्नाथ पंडिताला तो अपुरा वाटला आणि त्याने ‘उत्तमोत्तम’ असा नवा वर्ग वर चढवला. स्तुतीची महागाई जुनीच आहे.

इंग्रजीतून आलेल्या तुलनेची दुसरी तऱ्हा याहून प्रतिष्ठित आहे. १७८९ साली विल्यम जोन्सने ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत कालिदासाला भारताचा शेक्सपिअर म्हटले. जोन्सच्या मनात आदर होता, यात शंका नाही. आपल्या वाचकांना अपरिचित कवी ओळखीचा करून द्यायचा तर ओळखीच्या नावाचा आधार घ्यावा लागतो. कलकत्त्याहून लंडनला पत्र पाठवताना तिकीट लंडनच्या टपालाला चालेल असेच लावायचे. अडचण पुढे झाली. ते तिकीट आपणच आपल्या कपाळावर लावून घेतले. ज्यांच्यासाठी ती तुलना होती ते लंडनचे वाचक निघून गेले आणि आपण कालिदास वाचण्याआधीच तो शेक्सपिअर आहे हे पाठ केले.

जोन्सनंतर शेहेचाळीस वर्षांनी, १८३५ साली, मेकॉलेने आपल्या टिपणात तुलनेचे जे वाक्य लिहिले ते तर जगप्रसिद्ध आहे. चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एका फळीचे मोल हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाएवढे आहे, असा त्याचा आशय. या वाक्याचा राग आपण पावणेदोनशे वर्षे करीत आलो. पण त्याच टिपणात मेकॉलेने कबूल केले होते की, आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही; आपण भाषांतरे वाचली आहेत आणि जाणत्यांशी बोललो आहोत. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात काय आहे हे पाहिल्याविनाच त्याने वजन सांगितले. हिवरा आश्रम न पाहता त्याची दिल्लीशी तुलना करणारे माझे स्नेही मला येथे आठवतात. मेकॉलेचे अनुमान आपण नाकारले, त्याची रीत मात्र ठेवून घेतली. ‘जागतिक दर्जा’ हा शब्दप्रयोग पाहा. यातले ‘जग’ म्हणजे कोणते? त्यात तमिळ आहे का? अम्हारिक आहे का? तो शब्द वापरणाऱ्याच्या मनात जी फळी असते ती पुन्हा मेकॉलेचीच फळी असते.

मराठी पुस्तकांचा हिशेब इंग्रजीत ठेवण्याची सवय सरकारनेही लावली. १८६७ च्या छापखाने व पुस्तक-नोंदणी कायद्यानंतर दर तिमाहीस पुस्तकांच्या याद्या निघू लागल्या आणि त्यांतील शेऱ्याचा रकाना इंग्रजीत भरला जाई. लिहिणार मराठीत, वाचणार मराठीत, शेरा इंग्रजीत. माझ्या हातातले ते गुणपत्रक या रकान्याचेच दूरचे नातवंड म्हणावयास हरकत नाही.

हरि नारायण आपट्यांचे उदाहरण घेऊ, कारण तुलनेने लेखकाचे काय होते हे त्यात स्वच्छ दिसते. हरिभाऊंना ‘मराठीचे वॉल्टर स्कॉट’ म्हणण्याचा प्रघात फार जुना. ‘उषःकाल’ किंवा ‘गड आला पण सिंह गेला’ वाचताना ही उपाधी अगदीच निराधार वाटत नाही : किल्ले, वेषांतरे, निष्ठा, फितुरी, सारे स्कॉटच्या वळणाचे आहे. पण हरिभाऊंनी जे सर्वांत मोलाचे लिहिले ते ‘पण लक्षांत कोण घेतो’ होय. १८९० मध्ये ‘करमणूक’ निघाले आणि त्यातून ती कादंबरी प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे आली. यमू नावाची एक ब्राह्मण विधवा स्वतःच्या तोंडाने आपले आयुष्य सांगते : माहेर, सासर, वपन, माजघर. यात स्कॉट कोठे आहे? एकही किल्ला नाही. जिंकायला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बाईच्या मनातला स्वतःविषयीचा थोडासा आदर, आणि तीही शेवटी हाती राहत नाही. पंचविशीतल्या एका पुरुषाने हा आवाज कोठून मिळवला, हा हरिभाऊंविषयीचा खरा प्रश्न आहे, आणि ‘मराठीचे स्कॉट’ म्हणताच तो प्रश्न विचारण्याची वाटच बंद होते. उपाधी देणाऱ्याला हरिभाऊंचा गौरव करायचा होता. गौरव केला तो त्यांच्या दुसऱ्या प्रतीच्या पुस्तकांचा.

तीच गोष्ट पुढेही चालू राहिली. मर्ढेकरांचे नाव निघाले की एलियट, ‘कोसला’ म्हटले की सॅलिंजर. यांत तथ्य नाही असे नाही. मर्ढेकरांनी एलियट वाचला होता आणि तो त्यांच्या कवितेत दिसतो. परंतु त्यांच्या ओवी-अभंगाचे नाते ज्ञानदेव-तुकारामांशी कसे आहे हे पाहण्यास अधिक कष्ट लागतात आणि ते कष्ट टाळण्याची सोय म्हणजे एलियट. विष्णुशास्त्री चिपळूणकर स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवीत आणि दादोबा पांडुरंगांना लोक मराठीचे पाणिनी म्हणत, तेव्हा उपाधीची ही हौस केवळ साहेबाकडून आली असेही म्हणता येत नाही. संस्कृतात ‘अभिनव कालिदास’ बरेच होऊन गेले. त्यांतला एकही आज कोणी वाचत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. त्याविषयी बोलताना आपल्या सभासंमेलनांत कोणीतरी ‘मराठीतील पॅरडाइज लॉस्ट’ हे शब्द उच्चारतोच. मीही तरुणपणी उच्चारले आहेत. वास्तविक ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले तेव्हा मिल्टन आठ वर्षांचा होता आणि त्याचे महाकाव्य निघायला अजून एक्कावन्न वर्षे होती. पण कालक्रम हा मुद्दा गौण आहे. ‘आमचा आधी’ म्हणणे हीही तुलनेचीच चढाओढ. मुख्य मुद्दा असा की, मिल्टनचे माप लावले तर स्टीफन्स उणा ठरतो आणि तो का उणा ठरतो हेही कळत नाही. मिल्टनचा सैतान भव्य आहे. स्टीफन्सला सैतान भव्य करायचाच नव्हता. मिल्टन एकांतात वाचायचा कवी आहे. स्टीफन्सचे पुराण देवळात, रविवारी दुपारी, जमलेल्या नव्या ख्रिस्ती मंडळींना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी आहे. त्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि कानाला त्यांची सवय होती. त्या रिकाम्या कानासाठी हे काव्य लिहिले गेले. म्हणून त्याची तुलना करायचीच तर ती एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’शी केली पाहिजे. जवळच्याच काळातील, तीच ओवी, तसाच श्रोत्यांचा मेळा. ती केली की दिसू लागते की, हा इंग्लंडात जन्मलेला जेज्वीट कथा कोठे थांबवावी, श्रोत्याची शंका कोठे काढावी, हे आपल्या मातीतल्या पुराणिकाकडून शिकला होता. मिल्टनकडे पाहताना हे दिसत नाही.

आणि गंमत अशी की, तुलना कशी करावी याचा धडा स्टीफन्सनेच घालून दिला आहे. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना पाठ असते. फुलांमध्ये मोगरी, सुगंधांमध्ये कस्तुरी, पक्ष्यांमध्ये मोर, झाडांमध्ये कल्पतरू, तशी भाषांमध्ये मराठी, अशी ती रचना आहे. या ओव्यांत ‘पेक्षा’ नाही, ‘पैकी’ नाही. आहे तो ‘मध्ये’. मोर श्रेष्ठ ठरला म्हणून चिमणीचे काही गेले नाही. मोर पक्ष्यांमध्येच उभा आहे. ही रीत भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायातली आहे, ज्ञानेश्वरीतली आहे. आणि ती बायबलचीही आहे. हिब्रू भाषेत विशेषणाला ‘तर-तम’ नाही. ‘हून’ म्हणायचे तर तेथेही मराठीसारखाच एक छोटा शब्द लावावा लागतो आणि श्रेष्ठत्व दाखवायचे तर ‘मध्ये’ म्हणावे लागते किंवा तेच नाम दोनदा घ्यावे लागते : राजांचा राजा, गीतांचे गीत. ‘नमो मारिया’ म्हणताना आपण मरियेला स्त्रियांमध्ये धन्य म्हणतो ते याच वळणाने. ती सर्व स्त्रियांहून अधिक धन्य, असा अर्थ त्यात आहेच. पण शब्द तिला स्त्रियांच्या बाहेर काढीत नाहीत, त्यांच्यात ठेवतात.

इंग्रजीला बायबलनेच तुलनेचा आणखी एक वाक्प्रचार दिला आहे. ‘हेड अँड शोल्डर्स अबव्ह’, म्हणजे खांद्यापासून वर इतरांहून उंच. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील नवव्या अध्यायात शौलाचे असे वर्णन आहे. ज्यांनी पुढचे अध्याय वाचले आहेत त्यांना त्या उंच राजाचे काय झाले हे ठाऊक आहे. आणि सोळाव्या अध्यायात इशायच्या मुलांतून नवा राजा निवडताना देव शमुवेलला उंचीकडे पाहू नकोस असे बजावतो. इंग्रजी परीक्षणांत हा वाक्प्रचार सर्रास स्तुतीसाठी येतो. शौल कोणाला आठवत नसावा.

मराठीत पूर्वी कवींचा न्याय कसा होत असे? एक जुनी आर्या प्रसिद्ध आहे. तीत श्लोक वामनाला, अभंग तुकारामाला, ओवी ज्ञानेश्वरांना आणि आर्या मोरोपंतांना वाटून दिली आहे. चौघांत पहिला कोण हे ती सांगत नाही. ज्याचा त्याचा छंद, ज्याचे त्याचे राज्य. मला ही टीका फार प्रौढ वाटते. संस्कृतातही कालिदासाची उपमा, भारवीचे अर्थगौरव अशी वाटणी करणारा श्लोक आहे. पण त्याच्या कर्त्याला राहवले नाही आणि शेवटी त्याने तिन्ही गुण माघाला देऊन टाकले. कोणी माघभक्त असावा.

तर मग तुलना करूच नये की काय? तसे म्हटले तर टीकेचे दुकानच बंद करावे लागेल. एलियटने १९२३ च्या एका निबंधात तुलना आणि विश्लेषण ही टीकाकाराची मुख्य हत्यारे मानली आहेत आणि ते खरेच आहे. विष्णुशास्त्र्यांचा आवडता जॉन्सन ड्रायडन आणि पोप यांना शेजारी बसवतो तेव्हा दोघांचेही चेहरे अधिक स्पष्ट होतात. प्रश्न तुलनेचा नाही, तिच्या कामाचा आहे. दिवा दोन वस्तूंमध्ये धरला तर दोन्ही दिसतात. तराजूत घातल्या तर फक्त काटा दिसतो.

‘स्मृतिचित्रे’चेच पाहा. १९३४ पासून भागाभागांनी निघालेले हे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्र होय, यावर बहुधा सर्वांचे एकमत आहे. आपल्या वर्तुळात त्याला ‘मराठीतील कन्फेशन्स’ म्हणण्याचा मोह होतो, कारण त्यात धर्मांतराची कथा आहे. पण संत ऑगस्टीन पहिल्या ओळीपासून देवाशी बोलतो; वाचक ते बोलणे बाहेरून ऐकतो. लक्ष्मीबाई ओसरीवर बसून शेजारणीशी बोलतात. देव असतो, पण तोही ऐकायला बसलेला. ऑगस्टीनचे पाप त्याला रडवते, लक्ष्मीबाईंची फजिती त्यांना हसवते. मनातून जातिभेद गळून पडल्याचा प्रसंगही त्या एखाद्या घरगुती गोष्टीसारखा सांगतात. ऑगस्टीनच्या मापाने हे उथळ ठरेल. ते उथळ नाही.

याउलट त्याच्या शेजारी रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) ठेवून पाहावे. दोघीही लहानपणी लग्न होऊन आलेल्या, दोघींनाही नवऱ्याने वाचायला शिकवले, दोघींचेही नवरे मोठे म्हणून गाजलेले, आणि दोघींनी त्यांच्या पश्चात लिहिले. साम्य इथपर्यंत. रमाबाईंच्या पुस्तकात घरातल्या बायकांचा जाच आहे, चोरून चाललेला अभ्यास आहे, आणि माधवरावांविषयी अशी भक्ती आहे की, त्यांच्यावर रागावण्याचा प्रसंग आला तरी लेखणी खाली पाहते. लक्ष्मीबाईंचे टिळक बाजारातून भलतेच घेऊन येतात, हातातले देऊन टाकतात, न सांगता निघून जातात, ख्रिस्ती होतात आणि बायकोच्या आयुष्याची पाच वर्षे उजाड करतात. हे सारे ती लिहिते आणि तरी शेवटी वाचकाला तो माणूस हवाहवासा वाटतो. रमाबाई वाचल्यावर लक्ष्मीबाईंचे धैर्य कळते. आणि लक्ष्मीबाई वाचून पुन्हा रमाबाईंकडे आले की, त्यांच्या मौनाचे वजन कळते. प्रथम वाचताना मी त्याला नुसती नम्रता समजलो होतो. कोणते पुस्तक अधिक चांगले, हे मी सांगू शकत नाही.

मेहकरच्या स्थानकावर बस उशिरा आली त्या संध्याकाळी मला ना. घ. देशपांडे आठवले. मेहकरला वकिली करीत राहिलेला हा कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रिकेवरून घराघरांत पोचली. त्या नावाचा संग्रह मात्र निघाला १९५४ साली, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ला, १९८६ मध्ये. त्यांना कोणी मराठीचे अमुक किंवा तमुक म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. लोकांनी त्यांची कविता गुणगुणली. त्यांच्या गावच्या स्थानकावर बसून मी त्या मुलीच्या दोन गुणांचा विचार करीत होतो, आणि मग एक गोष्ट लक्षात आली जी मला आधीच सुचायला हवी होती.

तुलना करायला दोन पुस्तके लागतात. त्या रकान्यात जे मागितले होते ते द्यायचे तर मुलीला निदान रमाबाईंचे पुस्तक हाताशी हवे होते. स्पर्धेच्या दिवशी मी तिच्या शाळेचे पुस्तकांचे कपाट पाहिले होते. दोन फळ्या. ‘स्मृतिचित्रे’ची ती एकच प्रत, पुठ्ठा सुटलेली, आणि बाकी बहुतेक थोर पुरुषांची चरित्रे. ज्या मुलांनी ‘इतर पुस्तकांपेक्षा अधिक चांगले’ असे लिहिले त्यांच्यापाशीही ती इतर पुस्तके नव्हती. त्यांनी न पाहिलेल्या पारड्यातले वजन सांगितले आणि मी त्यांना सात-सात, आठ-आठ गुण दिले. तिने जे पाहिले नव्हते ते लिहिले नाही. तिच्यापाशी शेजारी ठेवायला एकच गोष्ट होती, अक्षरे न येणारी आजी. ती तिने ठेवली. ती तुलना नव्हती तर दुसरे काय होते?

संयोजकांना मी पत्र लिहून हे कळवले. निकाल लागून गेला आहे, असे त्यांचे उत्तर आले, आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच होते. गुणपत्रकावर सही माझी होती. रमाबाईंच्या ‘आठवणीं’ची एक प्रत मी त्या शाळेच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. मुलीची वही अजून माझ्याकडेच आहे, ती परत करायची राहिली आहे.